हवामानबदल हा राष्ट्रीय सुरक्षेचा विषय मानावा का?

कृष्णाकाठ

१३ डिसेंबर २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत एक ठराव मताला टाकला गेला. हवामानबदलामुळे संघर्षांना खतपाणी मिळते, तेव्हा परिषदेने आपल्या कामकाजात ही जोखीम नियमितपणे विचारात घ्यावी, असा त्याचा आशय होता. आयर्लंड आणि नायजर यांनी मांडलेल्या या ठरावाला पंधरापैकी बारा सदस्यांनी पाठिंबा दिला, चीन तटस्थ राहिला आणि रशियाने नकाराधिकार वापरून तो हाणून पाडला. विरोधात मत देणारा दुसरा देश भारत होता. हवामानाची चर्चा जिथे सर्व देशांना समान स्थान आहे त्या हवामान कराराच्या व्यासपीठावरच व्हावी, असे आपले म्हणणे होते. ज्यांच्या धुराड्यांनी हा प्रश्न उभा केला त्यांतलेच काही देश कायम सदस्य म्हणून इतरांचा न्याय करायला बसणार, ही त्यामागची शंकाही समजण्यासारखी आहे.

तिथे ही भूमिका मला पटते. माझा प्रश्न घरातला आहे. ३ ऑक्टोबर २०२३च्या रात्री उत्तर सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले. सुमारे ५,२०० मीटर उंचीवरून आलेल्या लोंढ्याने चुंगथांग येथील तिस्ता-३ या १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचे धरण उद्ध्वस्त केले आणि खाली सिंगतामजवळ बारदांग येथे उभी असलेली लष्कराची ४१ वाहने गाळात गाडली. तेवीस जवान बेपत्ता झाले. त्यांतला एक त्याच दिवशी जिवंत सापडला. दारूगोळा वाहत पश्चिम बंगालमध्ये गेला, आणि जलपाईगुडी जिल्ह्यात अशाच एका गोळ्याच्या स्फोटाने जीव घेतला. चीनच्या सीमेकडे जाणारे पूल गेले ते वेगळेच. एखाद्या शेजारी राष्ट्राने हे केले असते तर आपण त्याला काय म्हटले असते?

तेव्हा जाणकारांनी सांगावे: भारताने देशांतर्गत धोरणात हवामानबदलाला राष्ट्रीय सुरक्षेचा विषय म्हणून अधिकृत स्थान द्यावे का? आणि दिले तर नेमके काय बदलेल?

शंकेखोर

धागा चांगला आहे, पण सुरुवातीलाच एक खुंटी ठोकून ठेवतो. या विषयावर परदेशात जे लिहिले जाते त्यात 'दुष्काळ पडला, माणसे शहरात आली, बंड झाले' अशी एक सरळ रेघ ओढलेली असते. तिचे लाडके उदाहरण म्हणजे सीरिया. तिथे २००६ ते २०१० या काळात भीषण दुष्काळ पडला हे खरे, आणि त्याचा २०११च्या उठावाशी संबंध जोडणारा संशोधनलेख २०१५ साली गाजला हेही खरे. परंतु दोनच वर्षांत दुसऱ्या संशोधकांनी त्यातल्या स्थलांतराच्या आकड्यांवर आणि कार्यकारणभावावर गंभीर आक्षेप घेतले. डिझेलवरचे अनुदान काढून घेणारे आणि भूजल बेसुमार उपसू देणारे सरकार या गोष्टीत कुठेच दिसत नाही; सगळा दोष आभाळाचा. हुकूमशहाला याहून सोयीचे स्पष्टीकरण कोणते?

आपल्याकडचे पाहा. महाराष्ट्रात १९७२ला जो दुष्काळ पडला तो सीरियापेक्षा सौम्य नव्हता. बंड झाले नाही, रोजगार हमी योजना झाली. लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली, मोर्चे काढले, आणि १९७७ साली त्या योजनेचा कायदा झाला.

खडूस आजोबा

शंकेखोर, आपण सोयीचा दुष्काळ निवडला आहे. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचा घ्या. १८७६-७८च्या दुष्काळात माणसे मरत असताना हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू होती, आणि सरकारने दुष्काळाच्या पाहणीसाठी धाडलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणून ठेवली होती. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच मुलुखात फिरून, लोकांचे हाल पाहून वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली शस्त्र हाती घेतले. पुणे तेच, नगर-सोलापूर तेच. पाऊस दोन्ही वेळा दगा देऊन गेला. एका वेळी सरकारने काम दिले, दुसऱ्या वेळी माप मारले.

शंकेखोर

आजोबा, मग आपण माझेच म्हणणे अधिक चांगल्या मराठीत मांडले आहे.

खडूस आजोबा

अजिबात नाही. आपण म्हणता दुष्काळाने बंड होत नाही. मी म्हणतो, नालायक सरकार असले तर होते. आणि सरकार नालायक निघणार नाही याची हमी कोणत्याही सुरक्षा धोरणात देता येत नाही. म्हणून पावसावरही लक्ष ठेवावे लागते.

निवृत्त सुभेदार

वरची ऐतिहासिक चर्चा वाचनीय आहे, पण मी थोडा खालच्या पातळीवरचा, म्हणजे खरे तर फार वरच्या पातळीवरचा अनुभव लिहितो. माझ्या नोकरीचा बराचसा काळ लडाखमध्ये रसद पोहोचवण्याच्या कामात गेला.

हेलिकॉप्टरला उचलते ती हवा. हवा जितकी उंचावरची आणि जितकी उबदार, तितकी ती विरळ. आणि जितकी विरळ, तितके वजन कमी उचलले जाते. त्यामुळे भार ठरवताना तक्त्यात दोन गोष्टी पाहतात, उंची आणि तापमान. सियाचीनच्या सहा हजार मीटरच्या वरच्या चौक्यांवर चीता हेलिकॉप्टर मुळातच एका फेरीत जेमतेम काही किलो सामान नेते. सकाळी सहाला जो बोजा तक्त्यात बसतो तो दहाला बसत नाही. मग वैमानिक मान हलवतो आणि बांधून ठेवलेल्या सामानातून रॉकेलचा एक जेरीकॅन खाली उतरतो, कधी भाजीचे खोके उतरते. औषध आणि टपाल शेवटपर्यंत राहते. उतरलेला जेरीकॅन पुढच्या फेरीवर जातो, आणि पुढची फेरी हवा बिघडली तर चार दिवसांनी होते. वर बसलेल्यांना रॉकेल म्हणजे स्वयंपाक, पाणी आणि ऊब, सगळेच.

हा भौतिकशास्त्राचा नियम नवा नाही. उन्हाळ्याची बोच मात्र वाढते आहे. जुलै २०२४च्या अखेरीस लेहचा पारा इतका चढला की काही प्रवासी विमानांची उड्डाणे रद्द करावी लागली. लेहचा विमानतळ सव्वातीन हजार मीटरवर आहे, आणि तिथली वाहतूक मुळातच सकाळच्या वेळेत उरकावी लागते. ती वेळ आखडली की हिवाळ्याआधी करायच्या साठवणीचे गणित आखडते. ऑगस्ट २०१०मध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत जवानही होते. सियाचीनमध्ये १९८४पासून जितके जवान गेले त्यांतले बहुतेक शत्रूच्या गोळीने गेलेले नाहीत, थंडीने आणि हिमस्खलनाने गेले. पलीकडच्या बाजूलाही तेच: एप्रिल २०१२मध्ये गयारी येथे पाकिस्तानी लष्कराचा तळ बर्फाखाली गेला आणि १४० माणसे मेली. प्रत्येक हिमस्खलन हवामानबदलाच्या खात्यावर टाकणे चूक आहे, हे मी जाणतो. पण जुन्या माणसांना डोंगराच्या वागण्याचा जो अंदाज होता तो आता चालत नाही, असे चौकीवरून परतलेली पोरे सांगतात.

म्हणून धागाकर्त्यांना माझे उत्तर होकारार्थी आहे. फौजेने हे आपले काम मानलेच पाहिजे.

बोरूबहाद्दर

सुभेदारसाहेब, असा प्रतिसाद रोज एक द्यावा, ही विनंती. बाकी आजोबा आणि शंकेखोर यांच्यामुळे धाग्याचे तापमान दीड अंशाच्या वर जाण्याआधीच आपण थंड हवा आणलीत.

वनवाट

कृष्णाकाठ यांनी १३ डिसेंबर २०२१ ही तारीख दिली आहे. तिच्या दुसऱ्या दिवशी, १४ डिसेंबरला, दिल्लीत काय झाले ते या चर्चेत यायलाच हवे.

चारधाम महामार्ग प्रकल्प २०१६ साली जाहीर झाला; सुमारे ९०० किलोमीटर रस्ते रुंद करायचे होते. सप्टेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच २०१८च्या परिपत्रकाचा आधार घेऊन, डोंगराळ भागात डांबरी रस्ता साडेपाच मीटरच ठेवावा असा आदेश दिला. त्यानंतर संरक्षण मंत्रालय न्यायालयात आले. ऋषीकेश ते माणा, ऋषीकेश ते गंगोत्री आणि टनकपूर ते पिथोरागड हे तीन मार्ग चीनच्या सीमेला जोडतात, तिथे अवजड वाहने आणि क्षेपणास्त्रवाहक गाड्या जाव्या लागतात, म्हणून दहा मीटर रुंदी हवी, असे त्याने मांडले. १४ डिसेंबर २०२१ रोजी न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती मान्य केली. लष्कराच्या गरजा काय असाव्यात हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे नाही, असे त्या निकालाचे सूत्र होते. देखरेखीसाठी न्या. सिक्री यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांसाठी न्यायालयाने आधी नेमलेल्या उच्चाधिकार समितीचे अध्यक्ष रवी चोप्रा यांनी पुढच्याच वर्षी राजीनामा दिला.

म्हणजे सोमवारी न्यूयॉर्कमध्ये आपण म्हणालो की हवामानाला सुरक्षेची झूल पांघरू नका, आणि मंगळवारी दिल्लीत सुरक्षेची झूल पांघरून डोंगर कापण्याची परवानगी मिळवली. दोन वर्षांनी वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतले, राष्ट्रीय सुरक्षेसाठी आवश्यक मानलेले रस्ते आणि तत्सम रेषीय प्रकल्प त्या कायद्यातून वगळता येतात. नकाशावर शंभर किलोमीटर मोजून पाहा: सिक्कीम सबंध त्यात बसते, मिझोराम आणि त्रिपुराही जवळजवळ सबंध. मिझोराम विधानसभेने ऑगस्ट २०२३मध्ये याविरुद्ध ठराव केला, तो एवढ्यासाठीच.

माझा मुद्दा असा की, 'राष्ट्रीय सुरक्षा' हे आपल्या व्यवस्थेत परवान्याचे नाव आहे. तो शिक्का बसला की प्रश्न विचारणारे गप्प होतात. हवामानबदलावर तोच शिक्का मारून हिमालयाचे भले होईल, असे धागाकर्त्यांना कशावरून वाटते?

निवृत्त सुभेदार

वनवाट, आपले वाचन दांडगे आहे. पण रस्ता अरुंद असला की काय होते हे आम्ही सोसलेले आहे. १९६२मध्ये आपल्या जवानांकडे शौर्य कमी नव्हते, त्यांच्या पाठीमागे रस्ता नव्हता. पलीकडे चीनने सीमेपर्यंत रस्ते आणले आहेत, रेल्वे आणली आहे. घाटात समोरून लष्कराचा ताफा आणि दुसऱ्या बाजूने यात्रेकरूंच्या बसगाड्या आल्या की जी कोंडी होते ती एकदा तरी अनुभवावी. सैन्याला रस्ता नको, असे कोणी म्हणू नये.

भूस्तर

रस्ता नको असे इथे कोणीच म्हटलेले नाही, सुभेदारसाहेब. कोणता रस्ता टिकतो, एवढाच प्रश्न आहे, आणि तो माझ्या धंद्यातला आहे.

डोंगरउतारावर मार्गिका वाढवायची म्हणजे बहुतेक ठिकाणी डोंगराच्या बाजूने उभे कापावे लागते. उताराचा पायथा कापला की वरच्या सैल मातीचा आणि दगडांचा टेकू जातो. पूर्वी रिमझिम आठवडाभर पडणारा पाऊस आता तासाभरात कोसळतो. पाणी भेगांतून आत शिरते, आतला दाब वाढतो आणि कापलेला उतार खाली येतो. त्यात कापलेला राडारोडा नदीकडे ढकललेला असेल तर पुराला आयता दारूगोळा मिळतो. मग दहा मीटर रुंद रस्ता पावसाळ्यात कित्येक दिवस बंद असतो. ताफा दहा मीटरच्या बंद रस्त्यावरून जात नाही, साडेपाच मीटरच्या चालू रस्त्यावरून जातो.

फेब्रुवारी २०२१मध्ये चमोलीत ऋषिगंगेला लोंढा आला तेव्हा रैणी गावाजवळचा पूल गेला आणि मलारीकडे, म्हणजे चीन सीमेकडे जाणारी वाट बंद झाली. सीमा रस्ते संघटनेने महिन्याभरात तिथे बेली पूल, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून झटपट उभारायचा पूल, उभा केला, याचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु जून २०२५च्या पहिल्याच तारखेला सिक्कीममध्ये लाचेनजवळ छातेन येथे लष्कराच्या छावणीवर दरड कोसळून जवान गेले. त्याच वर्षी ५ ऑगस्टला धराली गावावर खीरगंगेचा लोंढा आला आणि शेजारच्या हर्षिल छावणीतले जवान बेपत्ता झाले. हर्षिल त्याच गंगोत्री मार्गावर, चीन सीमेकडच्या नेलांगच्या अलीकडे आहे. सपाट जमीन डोंगरात दुर्मीळ असते, आणि बरीचशी सपाट जमीन जुन्या लोंढ्यांनी आणून टाकलेल्या गाळाची असते. छावणी तिथेच बांधली जाते, गावही तिथेच वसते. नवी छावणी बांधण्याआधी त्या गाळाचे वय आणि उगम तपासणे ही माझ्या मते पहिल्या प्रतीची सुरक्षा उपाययोजना आहे. ती कोणत्याही क्षेपणास्त्रापेक्षा स्वस्त पडते.

निवृत्त सुभेदार

छावणीच्या जागेबद्दल आपले म्हणणे शंभर टक्के मान्य. आम्ही जागा निवडताना शत्रूची नजर, पाणी, उतरायला मोकळे मैदान, एवढे पाहत होतो. नाल्याच्या तोंडाशी बसू नये, हे मात्र स्थानिक हमाल सांगायचे. कागदावर ते कुठे नसायचे.

लुईतकाठची सई

गेली काही वर्षे गुवाहाटीत राहते, म्हणून ब्रह्मपुत्रेच्या बाजूने लिहिते. भूस्तर यांनी तपासणीचा आग्रह धरला आहे, पण तपासायला माहिती लागते. कृष्णा-गोदावरीच्या पाण्याची पातळी आणि प्रवाह धागाकर्ते घरबसल्या सरकारी संकेतस्थळावर पाहू शकतात. सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतल्या सीमापार नद्यांच्या प्रवाहाची माहिती मात्र गोपनीय वर्गात मोडते, आणि कारण तेच, राष्ट्रीय सुरक्षा. जिथे पूर सर्वांत मोठे, जिथे हिमनद्या वितळत आहेत, तिथलीच आकडेवारी विद्यापीठातल्या संशोधकाला अर्ज-विनंत्या केल्याशिवाय मिळत नाही.

२०१७मध्ये डोकलामच्या सीमातंट्याच्या वेळी चीनने ब्रह्मपुत्रेच्या पुराची माहिती दिली नाही तेव्हा आपण रागावलो, आणि ते योग्यच होते. ऑगस्ट २०२४मध्ये गोमती नदीला पूर आला तेव्हा बांगलादेशात ओरड झाली की त्रिपुरातल्या डुंबूर धरणाचे पाणी न कळवता सोडले. भारताने ते नाकारले; पूर पावसाचा होता, आणि वीज गेल्याने माहिती पाठवण्यात काही काळ खंड पडला, असे सांगितले. स्पष्टीकरण खरेच असेल. पण ज्या नदीची आकडेवारी कुलपात आहे तिच्याबद्दल शेजाऱ्याने विश्वास ठेवावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. आता वर, तिबेटातल्या मेडोगला, चीन ६०,००० मेगावॉटचा प्रकल्प बांधतो आहे, जुलै २०२५मध्ये कामाला अधिकृत सुरुवात झाली. त्याला उत्तर म्हणून आपण अरुणाचलात सियांगवर महाकाय धरण बांधायचे म्हणतो, ज्याला तिथल्या आदी जमातीच्या लोकांचा विरोध आहे. धरणाला धरण असे हे उत्तर आहे, आणि दोन्ही धरणे भूकंपप्रवण पट्ट्यात.

दुसरे, आणि मला अधिक महत्त्वाचे वाटते ते. आसाम सरकारच्या जलसंपदा विभागाच्या हिशेबाने १९५०पासून नद्यांनी ४ लाख २७ हजार हेक्टर जमीन गिळली आहे, म्हणजे राज्याच्या सात टक्क्यांहून अधिक. ब्रह्मपुत्रेतल्या चरांवर, म्हणजे गाळाच्या बेटांवर, राहणाऱ्या माणसाचे शेत नदीने नेले की तो दुसऱ्या जिल्ह्यात जातो. तिथे गेल्यावर त्याची बोली, त्याचे कपडे पाहून लोक विचारतात, तू कुठला? त्याच्याजवळ दाखवायला सातबाऱ्यासारखा कागद नसतो, कारण जमीनच नाही. आसामच्या २०१९च्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीतून (एनआरसी) १९ लाखांहून अधिक माणसे वगळली गेली. त्यांतल्या किती जणांचे गाव नदीत आहे, याची मोजदाद कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हवामानबदलाला सुरक्षेच्या भाषेत आणले की हा माणूस पहिल्यांदा पीडित राहत नाही, घुसखोर होतो.

शंकेखोर

सईताईंचा शेवटचा परिच्छेद म्हणजे माझ्या आक्षेपाचा गाभा आहे. युरोप-अमेरिकेतल्या सुरक्षाविषयक अहवालांत 'कोट्यवधी हवामान-निर्वासित येणार' हे वाक्य असतेच, आणि त्याचा शेवट बहुतेक वेळा कुंपणाच्या अंदाजपत्रकात होतो. प्रत्यक्षात हवामानामुळे हलणारी बहुतेक माणसे आपल्याच देशात, जवळच्या शहरात जातात. बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूरला जातो, तो कोणाच्या सीमेवर चाल करून जात नाही.

बंदरकर

सगळे डोंगरावर चढून बसले आहेत, म्हणून समुद्राकडे लक्ष वेधतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१मध्ये दाखवले की, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत नंतरच्या दोन दशकांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले. मुंबईपासून काही अंतरावर मुंबई हायच्या तेलक्षेत्रात कामगारांची वस्ती असलेला पी-३०५ हा बार्ज नांगर तुटून भरकटला आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी काळोखात, उसळत्या लाटांत शोध घेऊन १८६ जणांना बाहेर काढले. ते नौदलाच्या कर्तृत्वाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते आहेच. मी त्याकडे दुसऱ्या बाजूने पाहतो: वादळाचा इशारा काही दिवस आधी मिळालेला होता, तरी युद्धनौकांना ते काम करावे लागले.

नौदलाचे तळही काही समुद्रापासून लांब नेता येत नाहीत. ऑक्टोबर २०१४मध्ये हुदहुद चक्रीवादळ थेट विशाखापट्टणमवर, म्हणजे पूर्व नौदल मुख्यालयाच्या गावावर आदळले आणि तिथल्या विमानतळाची दुर्दशा झाली. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाचीही तीच गत: २०१८मध्ये मायकल चक्रीवादळाने फ्लोरिडातला टिंडाल हवाई तळ मोडून टाकला, आणि उडवून नेता न आलेली एफ-२२ लढाऊ विमाने हँगरमध्येच अडकून पडली. आपला मुंबईचा गोदीतळ भरतीच्या पाण्याशी कायम शेजार करून आहे.

अवांतर: समुद्राने एक सीमावादही सोडवला आहे. १९७०च्या भोला चक्रीवादळानंतर सुंदरबनच्या तोंडाशी न्यू मूर नावाचे बेट दिसू लागले. बांगलादेश त्याला दक्षिण तालपट्टी म्हणत असे. दोघांनी हक्क सांगितला, १९८१मध्ये युद्धनौका तिथवर गेल्या. २०१०मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या समुद्रविज्ञान विभागाने सांगितले की बेट पाण्याखाली गेले आहे. २०१४मध्ये लवादाने सागरी सीमेचा निवाडा दिला तेव्हा भांडण्यासारखी जमीन उरलीच नव्हती.

खडूस आजोबा

बंदरकर, भोलाचा उल्लेख केलात तर पूर्ण करा. १२ नोव्हेंबर १९७०च्या त्या वादळात पूर्व पाकिस्तानात तीन ते पाच लाख माणसे मेली असा अंदाज आहे. याह्याखानांच्या सरकारने मदतीत केलेली हेळसांड लोकांनी पाहिली, आणि पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. वादळाने देश फुटला असे मी म्हणत नाही. भाषेचा, सत्तेचा आणि पैशाचा झगडा जुना होता. पण राष्ट्रीय सुरक्षेचा याहून मोठा पराभव कोणता, की वादळानंतर वर्षभरात देशाचे दोन तुकडे व्हावेत? शंकेखोर, आता यावर बोला.

शंकेखोर

बोलतो. पाकिस्तान तेव्हा लष्करच चालवत होते. हवामानाचा प्रश्न लष्कराकडे सोपवला की काय होते, याचे उदाहरण आपण आयते दिलेत.

बोरूबहाद्दर

आजोबा, आपली विकेट गेली.

डेल्फ्टवासी

नेदरलँड्समधून लिहितो आहे. इथे ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३च्या रात्री समुद्राचे बांध फुटून १,८३६ माणसे गेली, आणि त्यानंतर समुद्राला अडवणारी अजस्र कामे उभी राहिली. निम्म्या देशाच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे, यापेक्षा मोठी राष्ट्रीय सुरक्षा ती काय असणार? तरीही ते काम संरक्षण खात्याकडे गेले नाही. पाणीमंडळे इथे मध्ययुगापासून आहेत. त्यांच्या निवडणुका होतात, ती स्वतःचा कर लावतात, आणि कोणत्या बांधाची उंची किती हे कोणीही पाहू शकतो. केंद्रीय पातळीवर स्वतंत्र कायदा आहे, निधी आहे, आणि दरवर्षी संसदेपुढे जाणारा आराखडा तयार करणारा आयुक्त आहे. गांभीर्य आणि गुप्तता या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, एवढेच सांगायचे होते. आपला हिमालय म्हणजे सपाट हॉलंड नव्हे आणि पलीकडे चीन बसला आहे, याची मला कल्पना आहे.

आणखी एक गोष्ट कोणीच काढली नाही. जगातल्या सैन्यदलांचे स्वतःचे उत्सर्जन जागतिक उत्सर्जनाच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास असावे, असा २०२२चा एक अभ्यास आहे. तो अंदाजच राहतो, कारण पॅरिस करारात लष्करी उत्सर्जनाची नोंद देणे ऐच्छिक आहे. सुरक्षेच्या नावाखाली इथेही माहिती झाकलेलीच.

कृष्णाकाठ

इतके सविस्तर प्रतिसाद येतील अशी अपेक्षा नव्हती, सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होते तेव्हा पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आल्या, लष्कर आले, नौदलाच्या बोटी पेठांमधून फिरल्या. लोकांनी जवानांना राख्या बांधल्या. त्या प्रेमाबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण बोटी परत गेल्या की पूररेषेतले बांधकाम, अलमट्टीचा विसर्ग, धरणांचे वेळापत्रक हे सगळे प्रश्न होते तिथेच राहिले. सैन्य आले म्हणजे प्रश्न गंभीरपणे घेतला, असा आपला समज होतो आणि प्रशासनाची सुटका होते. सिक्कीमचेही तसेच दिसते. ल्होनाक सरोवराचा धोका शास्त्रज्ञ कित्येक वर्षे सांगत होते. सप्टेंबर २०२३मध्ये, म्हणजे फुटण्याच्या काही आठवडे आधी, तिथे कॅमेरे आणि हवामान उपकरणे बसवण्यात आली, पण खालच्या गावांना इशारा देणारी यंत्रणा पूर्ण व्हायची होती. त्यानंतर जानेवारी २०२५मध्ये तिस्ता-३चे धरण पुन्हा, पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीचे, काँक्रीटमध्ये बांधण्याच्या प्रस्तावाला पर्यावरणविषयक तज्ज्ञ समितीने संमती दिली.

तेव्हा मी प्रश्न असा फिरवतो: वनवाट आणि सईताई म्हणतात तसे सुरक्षेचा शिक्का मारण्याचे टाळायचे, तर सुभेदारसाहेबांच्या चौकीला आणि बारदांगच्या छावणीला जी काळजी हवी ती कोणाच्या खात्यातून यायची?

वनवाट

पैसा येतोच आहे. जुलै २०२४मध्ये केंद्राने अरुणाचल, सिक्कीम, हिमाचल आणि उत्तराखंड या चार राज्यांतल्या हिमसरोवरांच्या धोक्यासाठी १५० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला, तो आपत्ती निवारणाच्या खात्यातून. रक्कम किती तोकडी आहे हे तिस्ता-३च्या खर्चाशेजारी ठेवून पाहावे, परंतु खाते योग्य आहे. संरक्षण मंत्रालयाने आपल्या छावण्या, पूल आणि दारूगोळ्याची कोठारे यांची जोखीम-तपासणी जरूर करावी. सीमेपासून शंभर किलोमीटरची सवलत मात्र, ज्या उतारावर भूस्तर यांच्यासारख्यांनी लाल खूण केली आहे तिथे लागू होऊ नये. एवढे झाले तरी मी धागाकर्त्यांच्या बाजूने मत देईन.

भूस्तर

सईताईंच्या प्रतिसादात एक भर. सगळेच कुलपात नाही. केंद्रीय जल आयोग पावसाळ्याच्या महिन्यांत हिमालयातल्या ९०२ हिमसरोवरांच्या आणि जलाशयांच्या क्षेत्रफळात किती बदल झाला याचा मासिक अहवाल प्रसिद्ध करतो, आणि तो कोणीही वाचू शकतो. हैदराबादच्या दूरसंवेदन केंद्राने सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतल्या हिमसरोवरांचे नकाशेही काढले आहेत.

लुईतकाठची सई

ते अहवाल मी पाहते. उपग्रहाला वरून सरोवर किती पसरले ते दिसते. खालच्या पुलाखालून किती पाणी गेले ते दिसत नाही. इशारा द्यायला दुसरा आकडा लागतो, आणि तोच मिळत नाही. शिवाय उपग्रहाची चित्रे चीनकडेही आहेत, तेव्हा लपवतो आहोत ते नेमके कोणापासून?

निवृत्त सुभेदार

सईताई, पुलाखालून जाणाऱ्या पाण्याचा आकडा शत्रूच्या उपयोगाचा नसतो असे नाही. कोणत्या महिन्यात नदी कुठे पायी ओलांडता येते ते त्यावरून कळते. पण ते हिवाळ्याचे आकडे झाले. जून ते सप्टेंबरमध्ये त्या नद्या कोणाचे सैन्य ओलांडत नाही. पावसाळ्यापुरते आकडे तासागणिक खुले करायला माझ्या मते लष्कराची हरकत नसावी. कोणी तसा अर्ज करणार असेल तर लष्करी बाजू लिहून द्यायला मी तयार आहे.

वनवाट

मसुदा मी करतो, सुभेदारसाहेब. आपण आणि भूस्तर यांनी व्यक्तिगत निरोपात संपर्क करावा.